पाण्याचं सोंग

आमच्या ऑफिसच्या दाराला बेल होती, पण तिची वायर आमच्या सरांनी काढून ठेवली होती. बेल दाबणारा माणूस तोंड उघडत नाही, त्यामुळे तो कोण आहे ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दार हातानं वाजवायचं. वाजवलं की आतून त्यांचा आवाज यायचा, "कोण?" आता या प्रश्नाला आपल्याकडे पिढ्यानपिढ्या एकच उत्तर आहे. बाहेरचा म्हणतो, "मी," आणि आतला कडी काढतो. सबंध मराठवाडा यावर चाललेला आहे. फक्त औरंगपुऱ्यातल्या एका भांड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या ऑफिसात त्याच्यापुढं आणखी एक प्रश्न असायचा.

"मी म्हंजी कोण?"

मग नाव सांगायचं. नुसतं नाव पुरायचं नाही, कारण नाव कुणीही सांगेल. काम काय आणि कुणाकडे तेही सांगायचं. एप्रिलच्या उन्हात स्कूटीच्या सीटवर भाजून निघालेली मी तो अरुंद जिना चढून दारात उभी राहायची आणि रोज समोर बसणाऱ्या माणसाला माझी ओळख करून द्यायची. सकाळी सकाळी हा ताप. आम्ही पाठीमागं त्यांना 'कोणसर' म्हणत असू. त्यांना ते कळलं होतं, आणि मला वाटतं, आवडलंही होतं.

खालच्या गल्लीतून चहा घेऊन येणारे चाचा सुरुवातीला फार चिडायचे. "रोज आताऊँ ना मैं? कौन कौन क्या लगाए तुम?" असं दाराबाहेरून ओरडायचे. पुढं त्यांनीही हार मानली. दार वाजवलं की स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि गल्ली एका दमात सांगायचे आणि वर बजावायचे, "अब चाय थंडी हो गई तो मेरेकू नक्को बोलना." आतून कडी निघायची. चहा बहुतेक वेळा थंडच असायचा.

एकदा सर डबा घरी विसरले, म्हणून त्यांच्या बायको तो घेऊन आल्या. दार वाजलं. कोण? मी. मी म्हंजी कोण? बाहेरून पायऱ्या उतरत गेल्याचा आवाज आला. त्या दिवशी सरांनी गुलमंडीवरून भजी मागवून खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "सर, वहिनी काही बोलल्या का?"

"नाय," ते म्हणाले. "आठ दिस तरी बोलायच्या नायत."

सोयगावच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वस्ती. घर मेंढपाळांचं. वडिलांबरोबर मेंढरं घेऊन फिरता फिरता हा माणूस कसा शिकला आणि कॉम्प्युटरपर्यंत कसा पोहोचला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढंच दिसायचं की भर उन्हाळ्यातही त्यांच्या खुर्चीवर काळी घोंगडी अंथरलेली असायची. रेक्झिन चावतं, असं ते म्हणत. कुणी पासवर्ड टाकायला लागलं की ते खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसायचे. नुसती मान वळवून भागायचं नाही, अख्खी खुर्ची वळायची. तिचं एक चाक कुरकुरायचं, त्यामुळे कुठंतरी पासवर्ड टाकला जातोय हे सगळ्या ऑफिसला कळायचं.

ती वर्षं दुष्काळाची होती, एकाला एक लागून आलेली. आमचे मालक पैठणकडचे, मोठ्या शेतीच्या घरातले. गावाहून आले की आधी धरणात किती पाणी उरलंय ते सांगायचे आणि मग कामाचं बोलायचे. इकडं शहर मात्र हातपाय पसरत होतं. बायपासच्या कडेनं उंच इमारती उठत होत्या, त्यांच्या पाट्यांवर कारंजी रंगवलेली असायची आणि फाटकाशी टँकर उभे असायचे. ज्याच्या घरी नळाला पाणी यायचा दिवस, तो दुपारीच निघून जायचा. "पाणी आलंय" एवढं म्हटलं की मालक कुणाला अडवायचे नाहीत. ऑफिसात एवढी एकच रजा न मागता मिळायची, आणि तीही पंपाशेजारी बादल्या धरून उभं राहण्यासाठी.

त्याच दिवसांत आमच्याकडं टँकरच्या खेपा नोंदवायचा प्रोग्रॅम लिहायचं काम आलं. गावोगावी, वस्त्यांवर टँकर जात होते. काही नुसते कागदावरच जात होते. ते थांबावं म्हणून मोबाइलवर नोंद करायची, असं ठरलेलं. टँकर वस्तीवर लागला की ड्रायव्हरनं त्याच्या फोनवर नोंद करायची. लगेच वस्तीनं निवडलेल्या एका बाईच्या फोनवर एक आकडा जायचा, म्हणजे ओटीपी. तिनं तो भरून पाठवला की पाणी मिळालं असं धरायचं. तिनं पाठवला नाही तर खेप झालीच नाही.

या कामात सर जसे पडले तसे आधी कशातच पडले नव्हते. आपल्या भाषेत एक म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. ते ती मुद्दाम बदलून म्हणायचे. "ताई, सगळी सोंगं आनता येत्यात. पान्याचं सोंग आनता येत नाय. हंडा पालथा केला की कळतंय."

आता सोंगांविषयी सांगायला हवं, कारण त्यांची सगळी कीर्ती त्याच्यावरच होती. सर्व्हर म्हणजे खूप दारं असलेलं घर, असं समजा. प्रत्येक दारावर ओळख विचारली जाते. दारं नीट राखली जातात की नाही हे तपासायला आम्हाला पुन्हापुन्हा वेगवेगळी माणसं होऊन ती वाजवावी लागत. दर वेळी लॉगिन करा, ओटीपी मागवा, तो जोडा, मग दार वाजवा. माणूस वैतागून जातो. म्हणून प्रोग्रॅमर लोक छोटे छोटे तयार तुकडे लिहून ठेवतात, त्यांना हेल्पर म्हणतात. तुकड्याला नुसतं सांगायचं, ड्रायव्हर हो, की तो ड्रायव्हरची ओळख अंगावर घेऊन दारात उभा राहतो. सर त्यांना हेल्पर म्हणत नसत. ज्या फोल्डरात ते ठेवले होते त्याचं नाव त्यांनी 'सोंगं' असं दिलं होतं.

मी नवीन असताना त्यांनी मला ते समजावून दिलं ते असं. "मेंढी परक्या कोकराला पेऊ देत नाय. वास घेती आन् लाथ मारती. मंग एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आन् दुसरं एखादं पोरकं असलं, तर आमचा आजा काय करायचा, मेल्याचं कातडं काढून पोरक्याच्या अंगावर बांधायचा. मेंढीला वाटायचं, आपलंच हाय. पेऊ द्यायची. आपलं हेल्पर म्हंजी ते कातडं."

मी म्हटलं, "म्हणजे मेंढी फसली."

"तेच बगायचं आस्तंय," ते म्हणाले. "आपली मेंढी फसती का."

बाकीचे आम्ही योग्य माणूस आत जातो का एवढंच तपासून मोकळे व्हायचो. त्यांना त्याचं काही कौतुक नव्हतं. "पाव्हणा आत आला हे काय सांगता? चोर भायेर ऱ्हायला का ते सांगा." त्यामुळे त्यांची बहुतेक सोंगं चोरांची होती. एकाचं नाव 'उघडा', तो ओळख न दाखवताच घुसायचा. एक 'शेजारी', त्याची ओळख खरी पण वस्ती दुसऱ्याची. आणि त्यांचा सगळ्यात लाडका 'कालचा', जो मुदत संपलेला आकडा घेऊन यायचा. उघड्याला आणि कालच्याला सर्व्हरनं ४०१ म्हणायचं, म्हणजे ओळख पटत नाही. शेजाऱ्याला ४०३, म्हणजे ओळखलं, पण हे तुमचं नाही. हे आकडे सरांच्या बोलण्यातही उतरले होते. मालक एकदा त्यांच्या खुर्चीशी येऊन म्हणाले, "जरा उद्याच्या मीटिंगला तुम्ही जाता का?" सर शांतपणे म्हणाले, "मालक, चारशे तीन." मालक हसत परत गेले. त्यांनी दुसरं काय करायचं.

आकड्याची मुदत किती ठेवायची यावर मात्र मोठं भांडण झालं. सरांना ती अगदी थोडी हवी होती, टँकर दारात उभा असेतोवरची. मालक म्हणाले, "अहो, डोंगराकडच्या वस्त्यांना रेंज नसते. बाईला आकडा मिळायलाच उशीर व्हायचा."

"उशिरा येनारा दर माणूस म्हंतो, गाडी चुकली," सर म्हणाले. "मुदत वाढवली की डायवर संध्याकाळी घरी बसून आकडा इचारून घेनार. मंग हाय आपलं कागदावरचं पानी."

हे काही खोटं नव्हतं. मालकांनी हात जोडले आणि मुदत थोडीच राहिली.

काम सुरू झालं आणि सरांना एक नवा छंद लागला. सकाळी आल्या आल्या, घोंगडी झटकून बसले की ते आदल्या दिवशी सर्व्हरनं हाकललेल्यांची यादी मोठ्यानं वाचायचे. नावं आणि नंबर झाकलेले असत, कारण लोकांची माहिती आपणही बघायची नाही, ही त्यांचीच अट. फक्त तालुका दिसायचा आणि हाकलण्याचं कारण. त्यांना तेवढं पुरायचं. कुणा ड्रायव्हरनं दुसऱ्याच्या वस्तीचा आकडा टाकलेला, कुणी एकच आकडा पुन्हा चालवून बघितलेला. प्रत्येक चोरीवर ते मान डोलवायचे आणि आम्ही कंटाळून आपापलं काम करत बसायचो.

त्यात एक रोजचा होता. सोयगाव तालुक्यातला, कारण नेहमी तेच, कालचा. रोज मेलेला आकडा घेऊन यायचा आणि रोज हाकलला जायचा. एखादा दिवस चुकायचा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. त्याची ऑफिसात चेष्टा सुरू झाली. कुणीतरी विचारायचं, "सर, आला का तुमचा सोयगावकर?" सर म्हणायचे, "आला की. आमच्याकडचा चोर बी चिवट हाय. पर दार आपलं हाय." त्यांच्या स्वरात थोडा अभिमान असायचा, चोराचाही आणि दाराचाही. कोणती वस्ती, हे बघायला आणखी एकदाच क्लिक करायचं होतं. चोराचं गाव विचारून काय करायचं, म्हणून त्यांनी ते कधी केलं नाही.

मग एका आठवड्यात सोयगावकर यायचा बंद झाला. सरांनी दोन-तीन सकाळी वाट बघितली. मग खुर्ची आमच्याकडं वळवली आणि म्हणाले, "हारला." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सगळ्यांना चहा मागवला. चाचांनी दाराबाहेरून वडिलांचं नाव सांगितलं, सरांनी हसत कडी काढली. "किस बात की चाय है?" चाचांनी विचारलं. "एक चोर थकला," सर म्हणाले. आम्हीही हसलो. त्या उन्हाळ्यात हसायला फार काही मिळत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी दार वाजलं. मालक पैठणला गेले होते. पंखा गरम वारा फेकत होता. सरांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "कोण?"

"मी."

"मी म्हंजी कोण?"

मला वाटलं, वहिनींसारखं हेही माणूस परत जाणार. मग जिना चढून धाप लागलेला, दमलेला म्हातारा आवाज आला.

"तुझं मशीन बी रोज ह्येच इचारतंय रं."

सरांचे हात की-बोर्डवर होते तिथंच राहिले. मग ते उठले, इतक्या घाईनं की घोंगडी पायात आली. त्यांनी कडी काढली. दारात त्यांची आई उभी होती. डोक्यावरचा पदर घामानं चिकटलेला, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत रुमालात बांधलेला फोन. सकाळच्या एसटीनं निघून ती स्टँडवर उतरली होती आणि विचारत विचारत इथवर चालत आली होती. मी खुर्ची पुढं केली तर ती भिंतीला टेकून खालीच बसली. मी पाणी दिलं. तिनं अर्धा पेला पिऊन उरलेला माझ्याकडं सरकवला. "ऱ्हाऊ दी बाई. कुनाला तरी हुईल," ती म्हणाली.

सर तिच्यापुढं उकिडवे बसले. "माय, तू कामून आलीस? काय झालं?"

"काय नाय झालं. तेवढं बटन कसं दाबायचं ते एकडाव नीट दावून दे. मलाच येत नसंल." तिनं रुमाल सोडून फोन काढला. "जिच्याकडं हा फोन हुता ती पोरगी नवऱ्यासंगं वाळूजला कामाला गेली. मंग बायांनी माझ्याकडं दिला. म्हनल्या, तुझ्याच लेकाचं हाय ते, तुलाच यायचं."

"मंग?"

"खाली रेंज नाय, तुला ठावं हाय. डायवर वाटंत रेंज हाय तिथंच नोंद करून येतो. टँकर आला की बाया हंडे भरत्यात, मी टेकडीवर जाते. वर गेलं की आकडा येतो. चष्मा लावून एकेक दाबते, चुकत नाय. तरी ते म्हंतंय, ओळख पटत नाय." तिनं फोनची काच पदरानं पुसली. "म्हनलं, माझा हात कापतोय म्हून नसंल पटत."

आम्ही सगळेच तो चहा प्यालो होतो, आणि सोयगावकर चोर कोण हे आमच्या सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं होतं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मला तर तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण जायला जागा कुठली.

"मला कामून नाय सांगितलं?" सरांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"काय सांगू? बाया म्हनाया लागल्या, तुझ्या लेकाचं मशीन खोटं हाय, पानी पेलं तरी नाय म्हंतंय. म्या म्हनलं, त्याचं खोटं नसतंय, माझंच चुकतंय. आन् परत तुलाच फोन लावून गाऱ्हानं सांगू व्हय?"

"आता टँकर येतो का?"

"कुटला. डायवर भला माणूस. म्हनला, माय, तुमची खेप धरीतच नायत, टँकरचा मालक डिझेल घालंना. कवाच बंद झाला. खालच्या हिरीवरून आनतेत बाया. लई लांब पडतंय." ती जराशी हसली. "तरी मी दोन डाव वर जाऊन बसले. म्हनलं, आकडा तरी यील. टँकरच नाय तर आकडा कुटला."

सर उठले आणि खुर्चीवर जाऊन बसले. मला वाटलं, आता ते खुर्ची भिंतीकडं फिरवतील. त्यांनी ती फिरवली नाही. नवी फाइल उघडली. मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. सवयीनं विचारलं, "हे कुठलं सोंग, सर?"

"हे सोंग नाय," ते म्हणाले. फाइलीला त्यांनी नाव दिलं, 'माय'.

ती त्यांनी 'सोंगं'मध्ये ठेवली नाही, शेजारी वेगळी ठेवली. तिच्यात फार काही नव्हतं. फोन खरा, माणूस खरं, वस्ती खरी, आकडा खरा, फक्त उशीर झालेला. इतकी सोंगं लिहिली, इतके चोर रंगवले, पण खरं माणूस उशिरा येऊ शकतं, हे त्यांनी कधी लिहिलंच नव्हतं. त्यांनी ते दारासमोर उभं केलं आणि तपासणी चालवली. पडद्यावर लाल अक्षरं आली.

आई भिंतीपासून बघत होती. "तांबडं म्हंजी काय रं?"

"म्हंजी तुला हाकललं," सर म्हणाले.

मग त्यांनी नियम बदलायला घेतला, आणि तेवढ्यात दहा वेळा पुसला. दार सैल करायचं तर चोरही आत येणार, ही त्यांची भीती काही एका दुपारीत जाणार नव्हती. "ताई," ते मला म्हणाले, "आता तुम्ही चोर व्हा. जेवढं लुबाडता यील तेवढं लुबाडा." आम्ही पोळत्या खिडकीशेजारी बसून तेच करत राहिलो. आकडा दिवस मावळेपर्यंत चालायचा, पण त्याच फोनवरून, त्याच खेपेला आणि एकदाच. मी दुसऱ्याच्या फोनवरून पाठवून बघितला, घड्याळ पुढं ढकलून दुसऱ्या दिवशी पाठवून बघितला, दोनदा पाठवून बघितला. प्रत्येक वेळी हाकलली गेले. मग सरांनी पुन्हा 'माय' चालवली. अक्षरं हिरवी झाली.

"हिरवं म्हंजी?" आईनं विचारलं.

"म्हंजी, ये," सर म्हणाले.

तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं फोन रुमालात बांधला. "मंग माझं चुकत नव्हतं."

"नाय माय. तुझं नव्हतं चुकत."

"मी बायांना सांगते," ती म्हणाली, आणि पिशवी घेऊन उठली. संध्याकाळच्या गाडीला बसवून द्यायला सर तिच्याबरोबर स्टँडवर गेले. ते गेल्यावर मागं ओळख विचारून कडी घालणारं कुणी नव्हतं, म्हणून दार तसंच उघडं राहिलं. मी उठून ते लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी पैठणहूनच फोनाफोनी केली, आणि काही दिवसांनी वस्तीवर टँकर पुन्हा जायला लागला. हे सगळं जेवढं सोपं लिहिलं जातं तेवढं सोपं नव्हतं. मधले दिवस बाया विहिरीवर जातच होत्या. सर त्या दिवसांत कुणाशी फारसे बोलले नाहीत. हाकललेल्यांची यादी मोठ्यानं वाचणं मात्र त्यांनी कायमचं सोडलं. त्याऐवजी ते प्रत्येक हाकललेल्या वस्तीवर फोन लावायला लागले. नंबर उघडायचे नाहीत ही अट त्यांचीच होती, ती त्यांनीच मालकांकडून रीतसर सही घेऊन शिथिल केली. पलीकडून कुणी म्हणायचं, "मी बोलतेय," आणि सर कोण ते न विचारता पुढचं विचारायचे, "पानी मिळालं का?" त्यातले बरेचसे खरोखरच चोर निघाले. तेव्हा ते थोडे सुखावायचे.

ऑफिसच्या दारावर मात्र "मी म्हंजी कोण?" तसंच राहिलं. मी उन्हातून यायची, जिना चढायची, नाव सांगायची, काम सांगायची. माणसाचा स्वभाव इतक्या सहज जात नाही. आणि खरं सांगायचं तर नंतरनंतर मला त्याचा तेवढा राग येईनासा झाला होता.

पुढं ते काम संपलं, कंपनीही बंद पडली. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या ऑफिसात गेले. तिथं दारावर कार्ड लावलं की दार उघडतं, कोण म्हणून कुणी विचारत नाही. सर सोयगावकडं गेले असं कळलं होतं. परवा नव्या ऑफिसातल्या एका कामासाठी मी तसलेच हेल्पर लिहीत होते. चोरांची सोंगं सगळी लिहून झाली, आणि 'माय'पाशी येऊन थांबले. ते नेमकं कसं बांधलं होतं ते आठवेना. जुन्या सहकाऱ्याकडून नंबर मिळवला. माझा नंबर आता नवा होता, त्यांच्याकडं असण्याचं कारण नव्हतं. फोन लागला. रेंज येत-जात होती, मागं कुठंतरी मेंढरं ओरडत होती.

"कोण?"

"मी," मी म्हणाले, आणि जीभ चावली. घाईघाईनं मनात सगळं जुळवायला लागले, नाव, कुठलं ऑफिस, काय काम.

"बोला ताई," ते म्हणाले. "नळाला आलं का पानी?"